होडीत बसताना लाज काठावर ठेवावी

जमिनीवर छाती काढून चालणाऱ्या माणसाची खरी परीक्षा होडीत पहिला पाय टाकताना होते. ऑफिसात साहेबासमोर न डगमगणारा हेडक्लार्क, सभेत तासभर खणखणीत भाषण ठोकणारा पुढारी, घरात ज्याच्या नुसत्या खाकरण्याने पोरे पुस्तके उघडतात तो बाप, हे सगळे होडीच्या कडेला आले की एकाच पंक्तीत बसतात. होडी कोणाचा हुद्दा विचारीत नाही. तिला फक्त वजन कळते, आणि ते वजन चुकीच्या जागी पडले की ती भल्याभल्यांना साष्टांग नमस्कार घालायला लावते.

आमच्या वस्तीतील मंडळाची दरवर्षी एक सहल निघते. वर्गणी गोळा करण्यापासून परतताना माणसे मोजण्यापर्यंतची किरकोळ कामे बरीच वर्षे माझ्याकडे आहेत. त्यानिमित्ताने गेटवे ते घारापुरी, मुरुडचा जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग आणि काही नाही तर ठाण्याचा मासुंदा तलाव, अशा ठिकाणी पाण्यावरच्या फजितीचे नमुने जवळून पाहावयास मिळाले. जमाखर्चाच्या वहीत या फजितीची नोंद होत नाही. परंतु सहल संपल्यावर वर्षभर चर्चा चालते ती त्यांचीच. वाचक बंधू-भगिनींनी या गमती वाचून अवश्य हसावे. फक्त हसून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्यावरच्या बहुतेक फजितींच्या मुळाशी एखादे साधे कारण असते, आणि ते कारण कोणीतरी वेळीच ओळखलेलेही असते. पण बोलायची लाज वाटते, विचारायची लाज वाटते, आणि मग व्हायचे ते होते.

दोन डगरींवर पाय

"दोन डगरींवर पाय ठेवू नये" असे आपले वाडवडील सांगत आले. ज्याने ही म्हण केली त्याने नक्कीच कोणाला तरी धक्क्यावरून होडीत चढताना पाहिले असावे.

एका सहलीत जेवणाची जबाबदारी एका धडधाकट भाऊंकडे होती. दोन्ही हातांत पुरीभाजीचे डबे. खलाशाने हात पुढे केला, तर भाऊ म्हणाले, "राहू द्या, आम्ही काय लहान आहोत?" एक पाय लाँचवर, एक पाय धक्क्याच्या पायरीवर. त्याच क्षणी लाँच हळूच मागे सरकली. भाऊंचे पाय भूमितीच्या पेटीतल्या कंपासासारखे उघडत गेले. डबे सोडावेत तर चाळीस माणसांचे जेवण जाते, न सोडावेत तर स्वतः जातात. अखेर खलाशाने त्यांची कॉलर धरून त्यांना आत ओढले. एक डबा वाचला. दुसऱ्या डब्यातल्या पुऱ्या समुद्रपक्ष्यांनी आमच्या आधी खाल्ल्या.

यात होडीचा दोष नाही. आपण पुढे जाण्यासाठी मागच्या वस्तूवर जोर देतो, तेव्हा ती वस्तूही मागे ढकलली जाते. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम हाच. धक्का जमिनीत रुतलेला असतो म्हणून तो हलत नाही. होडी पाण्यावर मोकळी असते म्हणून ती सरकते. यास्तव सामान आधी दुसऱ्याच्या हाती द्यावे, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, खलाशाचा हात धरावा आणि तो "या" म्हणेल तेव्हा न रेंगाळता पाऊल टाकून लगेच खाली बसावे. लाटेवर होडी केव्हा वर येते हे त्याला कळते, आपल्याला नाही. जंजिऱ्याच्या दरवाजाशी शिडाच्या होडीतून पायऱ्यांवर उतरताना ज्यांनी हा धडा घेतला, ते जन्मभर विसरणार नाहीत.

गरगर फिरणारा संसार

तलावातील पायडल मारायच्या होड्या दिसायला अगदी निरुपद्रवी. कोणी त्यांना हंसाचे तोंड बसवलेले असते. अशाच एका हंसात आमच्याबरोबरचे एक नवविवाहित जोडपे बसले आणि पंधरा मिनिटे तलावाच्या मधोमध गोल गोल फिरत राहिले. नवरा म्हणे, "तू पायडल मारीत नाहीस." बायको म्हणे, "तुम्हीच उलटे मारता." काठावरून सासूबाई दोघांनाही सूचना देत होत्या. शेवटी होडीवाला जवळ गेला तेव्हा उलगडा झाला. दोन बैठकांच्या मध्ये सुकाणूचा दांडा असतो. सूनबाईंची पर्स त्या दांड्याला अडकून तो एका बाजूला वळलेला होता. संसारातही पुष्कळदा भांडण पायडलवरून होते आणि अडचण दांड्याची असते!

वल्ह्याच्या होडीची तऱ्हा निराळी. दोन्ही हातांनी दोन वल्ही ओढणारा मनुष्य जिकडे जायचे तिकडे पाठ करून बसतो. त्याने उजव्या हाताचे वल्हे जोरात ओढले की होडी त्याच्या डाव्या हाताकडे वळते. नवशिक्याचा उजवा हात बहुधा जास्त बळकट असतो. त्यामुळे तो सरळ जातो असे त्याला वाटते आणि होडी मात्र प्रदक्षिणा घालत राहते.

याहून कडी केली ती कॉलेजातल्या दोन तरुणांनी. होडीवाल्याला बाजूला सारून त्यांनी वल्ही हाती घेतली आणि घाम गाळून मारायला सुरुवात केली. होडी तसूभर हलेना. होडीवाला काठावर बिडी ओढीत शांतपणे पाहत होता. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "दादा, दोर सोडू का आता?" हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर उलाढाल मोठी, नफा शून्य.

साहेबाचीही तीच गत

आपल्याकडे कोणाची फजिती झाली की "आपल्या लोकांना काही येत नाही" असे म्हणणारा एक शहाणा प्रत्येक गटात असतो. त्याच्यासाठी विलायतेची गोष्ट सांगतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन जगप्रसिद्ध विद्यापीठांमध्ये १८२९ साली होड्यांची पहिली शर्यत झाली. पुढे ती लंडनच्या थेम्स नदीत नेमाने होऊ लागली. प्रत्येक होडीत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणू धरणारा. महिनोन् महिने सराव, हजारो प्रेक्षक आणि प्रचंड गाजावाजा.

१९१२ साली वारा आणि लाटा इतक्या होत्या की दोन्ही होड्यांत पाणी शिरले आणि दोन्ही संघ बुडाले. पंचांनी शर्यत रद्द केली. ती पुन्हा घेण्यात आली, आणि तारीख आली १ एप्रिल! १९७८ साली केंब्रिजची होडी शर्यतीच्या मध्येच पाण्याखाली गेली. १९८४ साली तर कमाल झाली. शर्यत सुरू होण्यापूर्वी केंब्रिजचा संघ हातपाय मोकळे करण्यासाठी वल्हवीत निघाला आणि नदीत बांधून ठेवलेल्या एका मोठ्या पडावावर सरळ जाऊन आदळला. होडी निकामी झाली, शर्यत दुसऱ्या दिवसावर गेली. आठ वल्हेकऱ्यांची पाठ पुढच्या दिशेला असते, हे वर सांगितलेच आहे. समोर पाहणारा एकच, आणि त्याला तो एवढा मोठा पडाव वेळेवर दिसला नाही.

याच थेम्स नदीवर जेरोम के. जेरोम या लेखकाने तीन मित्र आणि एका कुत्र्याच्या नौकासहलीचे विनोदी पुस्तक लिहिले. ते १८८९ साली प्रसिद्ध झाले आणि आजही लोक ते वाचून हसतात. त्यातील मित्रांजवळ अननसाचा डबा आहे, पण तो फोडायचे हत्यार घरी राहिले आहे. सहलीला मीठ विसरणाऱ्या आपल्या मंडळींनी यावरून समाधान मानण्यास हरकत नाही.

आरमारप्रमुखाची ओकारी

पाण्यावर सर्वांत जास्त लाज वाटते ती ओकारीची. "मला काही होत नाही" असे आधी बजावून सांगणाऱ्यालाच ती गाठते, हा माझा अनुभव. एका सहलीत एक गुरुजी दोन वडापाव खाऊन लाँचच्या वरच्या मजल्यावर ऐटीत वर्तमानपत्र वाचत बसले. अर्ध्या तासाने त्यांनी कठड्याबाहेर मान काढली, पण नेमकी जिकडून वारा येत होता त्या बाजूला. पुढचे वर्णन करीत नाही. वाऱ्याने ज्याचे त्याला परत केले, एवढेच सांगतो.

त्या दिवशी गुरुजी कोणाशी बोलले नाहीत. वास्तविक लाजण्याचे काही कारण नव्हते. ट्रॅफल्गारची लढाई जिंकून देणारा इंग्रजांचा आरमारप्रमुख नेल्सन यालाही समुद्र लागत असे. १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षे 'बीगल' जहाजावरून जगप्रवास करणारा शास्त्रज्ञ डार्विन तर त्या प्रवासात वरचेवर बेजार होई. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. ते सांगते की शरीर हलते आहे. डोळे मात्र समोरच्या वर्तमानपत्रावर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात आणि ते सांगतात की काही हलत नाही. या दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि शिक्षा पोटाला होते. म्हणून लाँचच्या मध्यभागी, खालच्या बाजूस बसावे, वाचन टाळावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. अगदी उपाशीही निघू नये आणि तट्ट भरल्या पोटीही निघू नये. मान बाहेर काढण्याची वेळ आलीच, तर वारा पाठीकडून घ्यावा.

आजीचा हिशेब

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या नातेवाइकांकडे एक जुनी हकिकत सांगतात. खाडीतून लग्नाचे वऱ्हाड न्यायचे होते. होडी सकाळी सहाला सुटायची, ती नवरदेवाचे बूट न सापडल्याने साडेआठला निघाली. निघताना एक म्हातारी आजी बोटे मोजून म्हणाली, "आज पंचमी. आता पाणी उतरणार. बारा वाजेस्तो थांबा." पोरे हसली. आजीला घड्याळसुद्धा कळत नव्हते. ती हिरमुसून गप्प बसली. तासाभराने खाडीचे पाणी उतरले आणि वऱ्हाडासकट होडी चिखलात बसली. नवरदेव फेटा सांभाळीत, करवल्या साड्या सावरीत आणि बँडवाले रिकामपणी वाजवीत, असे सगळे दुपारपर्यंत खाडीच्या मध्यावर बसून राहिले.

आजीचा हिशेब कोकणातल्या पुष्कळ घरांत माहीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पंचमीला पावणेचार. भरतीनंतर आणि भरतीपूर्वी साधारण सहा तासांवर ओहोटी. म्हणजे पंचमीला सकाळी पावणेदहाच्या आसपास खाडी रिकामी होणारच. हा अंदाज आहे, छापील कोष्टकाची जागा तो घेणार नाही. पण निरक्षर आजीचे गणित शिकलेल्या पोरांपेक्षा पक्के होते, एवढे खरे.

आणि चिखलात बसण्याचा मान काही फक्त वऱ्हाडाच्या होडीला नाही. २३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचे 'एव्हर गिव्हन' हे अवाढव्य मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे होऊन दोन्ही काठांत रुतले. सहा दिवस जगाच्या व्यापाराची ती वाट बंद पडली. त्या डोंगरासारख्या जहाजापुढे माती उकरणाऱ्या एका इवल्याशा यंत्राचे छायाचित्र पाहून सारे जग हसले. ते जहाज २९ मार्चला सुटले. माती उपसणारी यंत्रे आणि ओढणाऱ्या बोटी होत्याच, पण त्यांच्या मदतीला आले ते पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी. आपल्याकडे त्याच पौर्णिमेला होळी पेटली होती. तिथी मोजणारी आमची आजी हे ऐकून नक्की हसली असती.

राजाला सांगणार कोण?

न बोलण्याची किंमत किती मोठी होऊ शकते, याचे उदाहरण स्वीडन देशात जतन करून ठेवलेले आहे. तेथील राजा गुस्ताव अडॉल्फ याने 'वासा' नावाची युद्धनौका बांधवून घेतली. चौसष्ट तोफा, कोरीव मूर्ती, रंगरंगोटी, सगळे काही डोळे दिपविणारे. परंतु वरचा भाग जड आणि त्या मानाने खालचे वजन कमी. प्रयाणापूर्वी तीस माणसांना डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळवून तोल पाहण्यात आला. तीन फेऱ्यांतच नौका इतकी हेलकावू लागली की ती चाचणी थांबवावी लागली. म्हणजे दोष सर्वांना कळला होता. पण राजा लढाईवर परदेशात होता आणि नौका लवकर पाठवा म्हणून निरोप धाडीत होता. त्याला "नौका धड नाही" असे कळवणार कोण?

१० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोम बंदरात माणसांची गर्दी लोटली. वासा निघाली, जेमतेम १३०० मीटर गेली, वाऱ्याचा एक झोत आला, ती कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत ती तळाला गेली. सुमारे तीस माणसे मेली. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. १९६१ साली ती नौका वर काढण्यात आली. आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभी आहे आणि जगभरचे लोक तिकीट काढून तिला पाहतात. ऑफिसात नोकरी करणाऱ्या कोणालाही ही गोष्ट नवीन वाटणार नाही. चूक शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना दिसते, फाईल मात्र पुढे सरकत राहते.

नारिंगी जाकीट

आता हसण्याची बाजू जराशी आवरती घेतो. काही वर्षांपूर्वी लाँचमध्ये चढताच एका नऊवारीतल्या मावशींनी खलाशाकडून लाइफ जॅकेट मागून घेतले आणि अंगात घातले. त्या काळी कोणी ते घालत नसे. जाकिटे बाकाखाली किंवा छताला अडकवलेली असत. तरुण मंडळी खिदळली. एकाने विचारले, "मावशी, चंद्रावर चाललात काय?" मावशींनी पट्टा आवळत उत्तर दिले, "परत आल्यावर सांगते." साऱ्या लाँचमध्ये हशा पिकला, पण दुसरे जाकीट कोणी मागितले नाही. मावशी नाहक भितात असे सर्वांना वाटले असेल. ज्यांना मनातून भीती वाटत होती, त्यांना हशाची भीती जास्त वाटली.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसे प्राणास मुकली. सहलीला निघालेली, आमच्यासारखीच डबे बांधून आणलेली कुटुंबे होती ती. अनेकांच्या अंगात जाकीट नव्हते. त्यानंतर गेटवेवरच्या बोटींत ते घालणे सक्तीचे करण्यात आले. सक्ती झाली ते योग्यच झाले. पण सक्तीचा माणूस काठावर उभा असतो आणि पाणी सगळीकडे असते. तलावावर, नदीवर, गावच्या तरीवर जाकीट मागून घ्यायचे ते आपणच.

त्या जाकिटाला पोहण्याची विद्या लागत नाही. ते नीट बांधलेले असेल तर घाबरलेल्या माणसालाही पाण्यावर धरून ठेवते. मात्र पट्टे मोकळे सोडले तर माणूस खाली आणि जाकीट वर, अशी गत होते. लहान मुलाला लहान मापाचेच मागावे. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. सिनेमातल्यासारखा हात हलवून "वाचवा" असे ओरडत कोणी बुडत नाही. बुडणाऱ्याला श्वासच पुरत नाही, तो ओरडणार कुठून? तो बहुधा गुपचूप बुडतो. म्हणून पोरे पाण्याजवळ गप्प झाली की आधी तिकडे पाहावे. कोणी पडलाच तर पोहता न येणाऱ्याने उडी न घेता दोर, ट्यूब, बांबू, निदान साडी किंवा ओढणी टाकावी. पडलेला माणूस बाई असो की बाप्या, ओले कपडे आणि घाबरलेला चेहरा पाहून हसू येते खरे. आधी हात द्यावा, अंगावर कोरडा टॉवेल द्यावा. हसायला पुढे वर्ष पडले आहे.

नावाड्याने आधी विचारावे

पंडित आणि नावाड्याची गोष्ट लहानपणी आपण सर्वांनी ऐकली आहे. पंडित विचारतो, व्याकरण येते का? शास्त्र येते का? नाही म्हटल्यावर तुझे अर्धे आयुष्य फुकट गेले म्हणतो. वादळ सुटते तेव्हा नावाडी विचारतो, पोहता येते का? पंडिताचे सगळे आयुष्य फुकट. गोष्ट ऐकून आपण पंडिताला हसतो. मला मात्र वाटते की नावाड्याने तो प्रश्न काठावरच विचारायला हवा होता, आणि पंडितानेही आपणहून सांगायला हवे होते.

म्हणून हल्ली आमच्या सहलीत होडीत चढण्यापूर्वी "पोहता कोणाला येत नाही?" असे मोठ्याने विचारले जाते. आधी एकही हात वर येत नसे. मग मंडळाचे अध्यक्ष स्वतः हात वर करू लागले, आणि आता अर्ध्याहून अधिक हात वर येतात. त्या मंडळींना मधल्या बाकावर बसवतो, पोहणारे कडेला बसतात. फोटोसाठी एकाच बाजूला गर्दी करायची नाही, चालत्या होडीत उभे राहायचे नाही, होडीवाला "आणखी दोन बसतील" म्हणाला तरी आपण "दुसऱ्या फेरीला येतो" म्हणायचे. काठावरचे लोक या सगळ्याला भित्रेपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या सहलीत त्रेचाळीस माणसे नेली होती. परतताना धक्क्यावर मोजली तेव्हाही त्रेचाळीस भरली. एक चप्पल, एक गॉगल आणि अर्धा डबा लाडू एवढे पाण्यात गेले. सहलीचा याहून चांगला ताळेबंद असू शकत नाही.